वजनं उचलायला शिकताना : अनुभव धागा

डंबेल-बारबेलशी ओळख होताना कुणी काय शिकवलं, कुठे अडलं, काय दुखलं, ते इथे लिहा. किती किलो उचलता ते नंतर सांगा, आधी कसं शिकलात ते सांगा. प्रश्नही बिनधास्त विचारा.

डोंबिवलीहून :
पाळी गेल्यावर डॉक्टरांनीच हाडांसाठी वजनं उचलायला सांगितलं. ट्रेनर माझ्या लेकीच्या वयाची. सुरुवातीला तिनं वजन दिलंच नाही, झाडूचा दांडा दिला. तो पाठीवर उभा धरायचा. डोकं, पाठ, माकडहाड, तिन्हीकडे टेकलेला. मग गुडघे किंचित सैल सोडून बूड मागे ढकलत वाकायचं. दांडा कुठे सुटला की लगेच, "काकू, पाठ!" डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहण्याचा, पाया हाच, हे पुढे कळलं. आता बार पावलाच्या मध्यावर असतो आणि नडगीला लागूनच वर येतो. मला बीपीची गोळी आहे, म्हणून श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा, हेही तिचंच.

पुण्याहून :
सोसायटीच्या जिममध्ये पहाटे मी एकटाच, अडकलेला बार झेलणारे सेफ्टी रॉडही नाहीत. एका जुन्या पैलवान काकांनी बजावलं, बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं) एकट्यानं करणार असशील तर बारला प्लेटा अडकवून ठेवणाऱ्या क्लिपा लावू नकोस. अडकलास तर बार एका बाजूला कलता कर, प्लेटा घसरून पडतील. सेक्रेटरी ओरडेल, पण गळा वाचेल. आणि अंगठा बारभोवती घेऊनच पकड. (सेक्रेटरी अजून ओरडलेले नाहीत.)

सांगलीहून :
आमच्या संकेत सरगरनं 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्य जिंकलं. त्याच दिवशी 139 किलोचा क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) करताना त्याचं कोपर दुखावलं. इतक्या तयारीच्या गड्याचं हे होतं, मग आपण कशाला घाई करायची? मी वाढवतो ते दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलो. आणि ऑलिंपिक बार रिकामाच 20 किलोचा असतो, तोही मोजा.

प्रश्न : साधं अंग दुखणं आणि इजा, ओळखायचं कसं?

डोंबिवलीहून :
दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच भरून येतात, जिना उतरताना आई आठवते, ते स्नायूंचं. दोन-चार दिवसांत जातं. उचलतानाच एका जागी टोचलं, सांध्यात कळ आली किंवा कमरेतून पायात मुंग्या उतरल्या, तर बार तिथेच खाली ठेवायचा. मुंग्या राहिल्या तर हाडांच्या डॉक्टरकडे, मालिशवाल्याकडे नाही.