ऊझो या ग्रीक दारूत पाणी टाकलं तर दुधासारखी झाली, बिघडली का?

प्रश्न (देवरी, जि. गोंदिया): अथेन्सच्या प्लाका भागातल्या ब्रेत्तोस बारमधून ऊझोची बाटली आली आहे. पाणी टाकताच पांढरी होते. फ्रिजमध्ये ठेवली तर आत चकत्या दिसतात. मोहाची तर अशी होत नाही. भेसळ आहे का?

उत्तर १: नाही भाऊ, हीच तर खूण. ऊझोत बडीशेपेसारख्या वासाचं अ‍ॅनिस असते. त्यातलं अनेथोल हे सुगंधी तेल अल्कोहोलात विरघळते, पाण्यात नाही. पाणी वाढलं की त्याचे बारीक थेंब सुटतात. मोहात ते नसतेच.

उत्तर २: पहिले फ्रिजमधून काढा. थंडीनं अनेथोल गोठते. बाटली कोमट पाण्यात धरा, चकत्या जातील. ग्लासात 30 मिली ऊझो, मग तेवढंच किंवा दुप्पट गार पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी. नुसत्या ऊझोवर बर्फ टाकला तर वर खडे धरतात. आणि गोडीवर जाऊ नका, ऊझोत किमान 37.5 टक्के अल्कोहोल असते!

उत्तर ३: ब्रेत्तोस 1909 चं, तिथल्या रंगीत बाटल्यांच्या भिंतीचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. मास्तिखाही आणली असेल तर ती वेगळी: खिओस बेटावरच्या झाडाच्या डिंकाची गोड लिकर, जेवणानंतर गार करून, थोडीशी. ऊझोसोबत मात्र खारं लागते. तळलेले झिंगे मस्त जमतात.