टॅब आणि कंट्रोल+आय वेगळे ओळखणारं टर्मिनल सुचवा

रात्रपाळी:
निओव्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये मी टॅबला पुढच्या बफरवर, म्हणजे उघडलेल्या पुढच्या फाइलवर, जायचं काम दिलं आणि तेव्हापासून कंट्रोल+आय गेलं. कंट्रोल+ओ ने कर्सर आधी जिथे होता तिथे मागे जाता येतं, पण पुढे यायला कंट्रोल+आय दाबलं की बफरच बदलतो. दुसरा त्रास याहून वाईट. टीमक्समधून (एकाच टर्मिनलात अनेक सत्रं चालवणारा प्रोग्रॅम) सर्व्हरवर असताना एस्केप दाबून लगेच जे दाबला, तर कधीकधी अख्खी ओळ एक घर खाली सरकते. काल कॉन्फिग फाइलमधली ओळ अशी सरकली आणि ते लक्षात यायला अर्धा तास गेला. लॅपटॉपवर लिनक्स आहे, टर्मिनल त्याच्याबरोबर आलेलंच. एडिटर बदलू की टर्मिनल? जाणकारांनी कृपया सांगावं.

जुनंखोड:
एडिटरला हात लावू नका, त्याच्यापर्यंत कळ पोचतच नाहीये. टर्मिनल कळा पाठवत नाही, बाइट पाठवतं. कंट्रोल दाबला की अक्षराच्या आस्की क्रमांकातले शेवटचे पाच बिटच उरतात. आय म्हणजे ७३, त्यातून ६४ गेले की ९, आणि ९ म्हणजेच टॅब. एम ७७, म्हणून कंट्रोल+एम हा १३, म्हणजे एंटर. उघडा चौकोनी कंस ९१, म्हणून कंट्रोलसह तो २७, म्हणजे एस्केप.

ओळ सरकते तेही यातूनच. ऑल्ट+जे पाठवताना टर्मिनल आधी एस्केप पाठवतं, मग जे. तुम्ही दोन्ही चटकन दाबलेत की टीमक्सला ते ऑल्ट+जे वाटतं, आणि ऑल्ट+जे ला ओळ खाली न्यायचं काम तुमच्या सेटिंगमध्ये नक्की असणार. टीमक्सचं एस्केप-टाइम, म्हणजे एस्केपनंतर पुढच्या कळेची वाट बघायचा वेळ, जुन्या आवृत्त्यांत ५०० मिलिसेकंद असायचं. ते १० वर आणा. हे आजच करा.

टॅबसाठी मात्र टर्मिनल बदलावं लागेल. कोविद गोयल यांच्या किटी या टर्मिनलने कळा पाठवायची नवी पद्धत आणली. तिच्यात कंट्रोल+आय हा १०५ आणि ५ असे आकडे घेऊन येतो: १०५ म्हणजे छोटा आय, ५ म्हणजे कंट्रोल. शिफ्टचा १, ऑल्टचे २, कंट्रोलचे ४, आणि बेरजेत एक जास्तीचा, म्हणून कंट्रोलचे ५. फूट, घोस्टी, अ‍ॅलाक्रिटी या टर्मिनलांनाही ही पद्धत येते. वेझटर्ममध्ये ती सेटिंगमधून चालू करावी लागते. मी फूट वापरतो, हलकं आहे, पण ते फक्त वेलँडवर (लिनक्सवर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) चालतं. तुमचं वेलँड नसेल तर किटी घ्या.

रात्रपाळी:
वेलँड नाही, म्हणून किटी टाकलं. एस्केप-टाइम १० केल्यावर ओळ एकदाही सरकली नाही. पण कंट्रोल+आय अजून बफरच बदलतोय.

जुनंखोड:
कंट्रोल+आय ला कंट्रोल+आय चंच नॉनरिकर्सिव्ह मॅपिंग (दुसऱ्या मॅपिंगमधून पुन्हा न जाणारं) निओव्हिममध्ये द्या, म्हणजे टॅबचं मॅपिंग त्याला लागू होणार नाही. आणि आधी टीमक्सच्या बाहेर तपासा. टीमक्समध्ये एक्स्टेंडेड-कीज हे सेटिंग चालू केल्याशिवाय या कळा आत पोचत नाहीत.

शाईपेन:
थोडं वेगळं, पण इथेच लिहिते. मी विममध्ये (निओव्हिम ज्यावरून आलं तो एडिटर) मराठी लिहिते, इन्स्क्रिप्ट कळफलकावर. नॉर्मल मोडला, म्हणजे कळा आज्ञा म्हणून चालतात तिथे, आल्यावर कळफलक बदलायचा राहिला की जे ऐवजी र जातो आणि विम गप्प बसतो. लँगमॅप या विमच्या सेटिंगमध्ये र ला जे, क ला के, प ला एच, त ला एल अशा जोड्या दिल्या आणि इकडेतिकडे फिरण्यापुरतं तरी काम झालं. कंट्रोलच्या कळांसाठी मात्र अजून इंग्रजीवर यावंच लागतं.

रात्रपाळी:
टीमक्सच्या बाहेर चाललं! कंट्रोल+ओ ने चार उड्या मागे गेलो, कंट्रोल+आय ने चारही पुढे आलो, आणि टॅब बफर बदलतोय. जुनंखोड, मनापासून आभार. एक्स्टेंडेड-कीज आज रात्री सर्व्हरवर लावून बघतो आणि इथेच कळवतो.