मदत हवी आहे: जर्मनच्या परीक्षेत लेक वाचण्या-ऐकण्यात पास, बोलण्यात नापास. मोबाइल-लॅपटॉपवरचं शिकणं चालू ठेवावं का?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही भांडुपला राहतो. माझी मुलगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून चार वर्षं एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. २०२४ साली आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिच्या वॉर्डात जर्मनचं वारं शिरलं. तिकडे नर्स म्हणून नोंदणी व्हायला साधारण बी२ पर्यंत भाषा यावी लागते. ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या असतात, बी१ तिसरी आणि बी२ चौथी. इकडे ड्युटी कधी मॉर्निंग, कधी नाईट. ठरल्या वेळेला क्लासला जाऊन बसणं तिला शक्यच नव्हतं. म्हणून मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं आणि एका संस्थेचा लॅपटॉपवरचा कोर्स लावला. रेकॉर्ड केलेले धडे आणि शनिवारी व्हिडिओवर एक तास. फी सत्तावीस हजार.

सव्वा वर्षात तिनं एक दिवस खाडा केला नाही. नाईटला दोन-अडीचला वॉर्ड शांत झाला की दहा मिनिटं शब्द, येताना लोकलमध्ये ऐकण्याचे धडे. मागच्या महिन्यात बी१ चा निकाल आला. वाचन ८३, ऐकणं ७७, लेखन ६८, बोलणं ४४. पास व्हायला प्रत्येकात ६० लागतात.

मी पालिकेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. तिला बोल लावला नाही. म्हटलं, तू शिकतेस कशी ते मला एकदा दाखव.

तिनं मोबाइल उघडला. एक वाक्य वाचायचं आलं, समोर माइकचं चित्र. तिनं हळू आवाजात वाक्य म्हटलं. परत म्हणा, असं आलं. परत म्हटलं, लाल फुली. मग तिचा अंगठा आपसूक खाली गेला. तिथे एक छोटी ओळ होती: आत्ता बोलता येणार नाही. ती दाबली की बोलण्याचे प्रश्न बाजूला होतात, धडा पुढे सरकतो आणि शेवटी पूर्ण झाला म्हणून नोंदही होते.

मी विचारलं, असं किती वेळा करतेस? म्हणाली, आई, रोजच. आमचं घर दीड खोलीचं. ती ड्युटीवरून आली की सासूबाई झोपलेल्या असतात, म्हणून चादर डोक्यावर घेऊन पुटपुटते, ते मशीनला ऐकू जात नाही. लेडीज डब्यात मोठ्यानं जर्मन बोलायची तिला लाज वाटते. वॉर्डात तर प्रश्नच नाही. शनिवारच्या तासाला अडतीस जणं, सगळ्यांचे माइक बंद, हिची पाळी महिन्यातून एकदा आली तर आली. म्हणजे सव्वा वर्ष माझी मुलगी जर्मन शिकली आणि सगळं मिळून तासभरसुद्धा तोंडानं बोलली नसेल. हे मला आधी कळलं नाही याचं फार वाईट वाटतं.

मशीननं दिलं तेही सांगायला हवं. दोनेक हजार शब्द तिला येतात. एकच वाक्य तिनं वीसवीसदा ऐकलंय. वर्गात पाचव्यांदा तेच विचारणारं मूल कसं मान खाली घालतं, ते मी आयुष्यभर पाहिलंय. मशीनला पाचशे वेळा विचारा, कपाळाला आठी पडत नाही. पहाटे तीनला शिकवणारा मास्तर मुंबईत कुठे मिळेल? ते नसतं तर तिनं सुरुवातच केली नसती.

आता माझे प्रश्न. हे सगळं सोडून समोरासमोरचा क्लास लावायचा का? लावला तरी रोटेशन ड्युटीत जमवायचं कसं? आणि तिसरं, तिचा कोर्स सगळा इंग्रजीतून आहे. ती मराठी माध्यमात शिकली. तो/ती/ते असं काही जर्मनमध्येही असतं म्हणे. मग मराठीतून शिकली असती तर सोपं गेलं असतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

— भांडुपची आई

प्रतिसाद: दादरहून

ताई, मी बरीच वर्षं जर्मन शिकवतोय, म्हणून लिहितो. आधी धीर धरा. बी१ चे चारही भाग वेगवेगळे देता येतात. तीन हातात आहेत, आता फक्त बोलण्याचा भाग पुन्हा द्यायचा. सत्तावीस हजार वाया गेलेले नाहीत.

त्या भागात असतं काय, ते पाहिलंत की दुखणं कळेल. परीक्षार्थी जोडीनं बसतात. तयारीला पंधरा मिनिटं आणि दोघांचं मिळून बोलणंही साधारण पंधरा मिनिटांचं. पहिल्यांदा दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, समजा आजारी मित्राला भेटायला जायचंय. कधी, कसं, काय न्यायचं. मग प्रत्येकानं एका विषयावर थोडं बोलायचं, आणि दुसऱ्यानं त्यावर आपलं मत सांगून प्रश्न विचारायचा. म्हणजे समोरचा काय म्हणेल याचा आधी पत्ताच नाही. मशीनवर उत्तर आधीच ठरलेलं असतं, तुम्ही तिथपर्यंत पोचायचं. ही दोन कामं वेगळी आहेत.

उच्चारांचं सांगतो. जर्मनमध्ये द्रुकन म्हणजे छापणं आणि द्र्युकन म्हणजे दाबणं. नर्सला दुसरा शब्द रोज लागेल. शोन म्हणजे आधीच, श्योन म्हणजे सुंदर. आता मशीन ऐकतं कसं? नुसता आवाज मोजून ते थांबत नाही. या वाक्यात कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, हेही धरून ते अंदाज बांधतं. मुलीनं चुकून द्रुकन म्हटलं तरी वाक्यावरून ते द्र्युकन समजून घेतं आणि हिरवी खूण देतं. चूक पक्की होत जाते. मी समोर बसलो की ओठ बघतो. सांगतो, जीभ ई म्हणताना असते तिथेच ठेव आणि ओठ मात्र उ सारखे गोल कर. तिला म्हणावं, आरशासमोर उभी राहून हे रोज पाच मिनिटं कर.

मराठीबद्दल तुम्ही विचारलंत ते फार महत्त्वाचं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला देअर, दी, दास ही तीन लिंगं म्हणजे आभाळ कोसळल्यासारखं वाटतं. आपण तो पंखा, ती खिडकी, ते दार बोलतच मोठे झालो. शब्दाचं लिंग प्रत्येक वेळी आपल्यासारखंच असेल असं नाही, ते पाठच करावं लागतं. पण निर्जीव वस्तूला लिंग असतं, ही गोष्ट आपल्याला समजावून द्यावी लागत नाही. मुलगी म्हणजे मेटशन, आणि तो शब्द नपुंसकलिंगी, हे ऐकून लोक हसतात. मालवणीत चेडू नपुंसकलिंगीच आहे की! 'कारण' हा अर्थ देणारा वाइल आला की जर्मन क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं: वाइल इश क्रांक बिन. शब्दाला शब्द लावला तर कारण मी आजारी आहे. आपल्याच क्रमानं! इंग्रजीतून गेलं की 'आहे' आधी मधे आणायचं, मग नियम आठवून शेवटी ढकलायचं. आणि आपल्या चमच्यातला च त्यांच्याकडे दहाच्या आकड्यात आहे, त्सेन. हिंदीवाल्यांना तो मुद्दाम शिकवावा लागतो. तिला म्हणावं, धडा इंग्रजीतला असू दे, वहीत मराठीच लिही.

शब्दांसाठी मशीन अजिबात सोडू नका. माणूस किती वेगानं विसरतो, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. पुढे सेबास्टियान लाइटनर यानं १९७२ मध्ये कप्प्यांची पेटी सुचवली. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, म्हणजे उशिरा विचारायचं. चुकलेलं परत पहिल्या कप्प्यात. तुमच्या अ‍ॅपच्या पोटात बहुधा अशीच पेटी आहे. ते काम ते माझ्यापेक्षा चोख करतं. चाळीस मुलांत कोणाला कुठला शब्द कधी विचारायचा, हे मला कसं लक्षात राहणार?

प्रतिसाद: विरार फास्ट

माझा अनुभव जपानीचा आहे आणि मी मशीनच्या बाजूनं बोलणार. विरारहून नोकरीला अंधेरी, परत यायला साडेनऊ. माझ्यासाठी क्लास ही चैनच होती. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, वर्षातून दोनदा असते, जुलै आणि डिसेंबर, आणि तिच्यात बोलण्याची परीक्षाच नाही. एन३ पर्यंत, म्हणजे पाचातल्या मधल्या पायरीपर्यंत, मी निव्वळ मोबाइलवर गेलो. कांजी, म्हणजे जपानीतली चित्रासारखी अक्षरं, लिहिताना रेघ कुठून कुठे ओढायची, हे पडद्यावर हलताना दिसतं. पुस्तकात पाहून मला ते जन्मात जमलं नसतं.

पण खरं सांगायचं तर, ऑफिसात जपानी पाहुणे आले तेव्हा माझीही दातखीळ बसली. त्यानंतर मी बोलणाऱ्या एआयशी सराव सुरू केला. आवाजात विचारतो, आवाजात उत्तर येतं. लाज गेली, हा मोठा फायदा. अडचण ही की ते फार समजूतदार आहे. मी अडखळलो तर थांबतं, अर्धवट बोललो तरी अर्थ लावून घेतं. माणूस मधेच तोडतो, विषय बदलतो. ताईंच्या मुलीनं पहिले पंधरा दिवस एआयशी बोलून तोंड मोकळं करावं, मग माणूस शोधावा.

प्रतिसाद: श्टुटगार्टची नर्स

काकू, मी इथे तीन वर्षं आहे. मूळची परळची. ताईला माझ्याकडून सांगा की मीही बोलण्यातच अडकले होते.

कोर्समध्ये हॉटेल, विमानतळ, फर्निचरचं दुकान एवढंच होतं. इथे पहिल्याच दिवशी एक आजी माझ्याशी बोलल्या आणि मला ओ की ठो कळेना. त्या श्वेबिश बोलत होत्या, इकडची बोली. निश्तचं, म्हणजे 'नाही'चं, नेट होतं, मेटशनचं मेडले. ऐकून ऐकूनच कान तयार होतो. म्हणून तिनं एकाच आवाजातले धडे ऐकत बसू नये. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे जर्मन कोर्स ऑनलाइन फुकट आहेत, त्यात वेगवेगळी माणसं बोलतात.

दुसरी युक्ती माझी स्वतःची. आपण ड्युटी संपताना ओव्हर देतो ना, म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंटची माहिती, त्याला इथे यूबरगाबे म्हणतात. रोज तीन वेळा होते आणि तिथे कोणी थांबून राहत नाही. मी मुंबईत असताना ओव्हर दिल्यावर जिन्यात उभी राहून तीच ओव्हर जर्मनमध्ये मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, नुसतं बेड चार, बेड पाच. रात्री झोप कशी लागली, दुखणं कुठे, ताप किती, सलाइन कधी बदललं. पहिल्या दिवशी दोन वाक्यं झाली. महिन्यानं चार मिनिटं न थांबता बोलत होते. दुसऱ्या दिवशी ऐकलं की आपल्या चुका आपल्यालाच टोचतात. विषय रोजचा असल्यामुळे काय बोलू, हा प्रश्न पडत नाही.

भांडुपची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दादरच्या सरांनी लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. चेडू ऐकून तिचे बाबा इतके खूश झाले! ते देवगडचे. आता घरात देअर-दी-दास चालू आहे, सासूबाईसुद्धा विचारतात, कपाला काय म्हणायचं.

आम्ही असं ठरवलंय. अ‍ॅप राहील, पण फक्त शब्दांसाठी आणि ऐकण्यासाठी. ती ओळ दाबायची नाही. घरी बोलता येत नसेल तर तो धडा त्या दिवशी उघडायचाच नाही. शनिवारच्या तासाचे पुढचे पैसे भरणार नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, एकास एक शिकवणारं कोणी मिळालं तर पाहतोय.

परवा ती नाईट करून आली तेव्हा मी नळावर भांडी घासत होते. ती गॅलरीत उभी राहून मोबाइल तोंडाशी धरून बोलायला लागली. मला एक अक्षर कळलं नाही. बेडचे आकडे तेवढे ओळखू आले, कारण ते तिनं मला शिकवलेत. सहाव्या बेडपाशी अडली, मी भांड्यांचा आवाज बंद केला. थोडा वेळ गप्प राहिली आणि मग पुढे बोलत गेली. एक मिनिट चाळीस सेकंद झालं.

आता फक्त जोडीदार हवी आहे. ठरवण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा भाग एकटीनं होत नाही. तिच्या वॉर्डातल्या दोघींनी मधेच सोडलं. भांडुप ते ठाणे या पट्ट्यात कोणाची मुलगी, सून बी१ ची तयारी करत असेल, ड्युटीवाली असली तर उत्तमच, तर कृपया इथेच लिहा. हिची सुट्टी या महिन्यात गुरुवारी आहे. आमच्या घरी जागा कमी आहे, पण दुपारी सासूबाई देवळात असतात, दोन ते चार मोठ्यानं बोलता येईल.