घरच्या मिनी पीसीवर स्वतःचा मास्टोडॉन चालवायचाय, लाईटचं आणि आयपीचं काय करू?

उदगीरवाला
नमस्कार मंडळी. मी तीन वर्षं एका छोट्या मास्टोडॉन सर्व्हरवर होतो (मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण ज्याचा त्याचा सर्व्हर आणि ते सगळे एकमेकांशी बोलणारे), तिथं आमच्या आजीच्या तोंडचा एक एक शब्द टाकायचो, इर्जिक म्हणजे काय, बाटूक कशाला म्हणतात, सोबत शेतातला फोटो. चालवणाऱ्याला खर्च झेपेना, त्यानं महिनाभर आधी सांगून सर्व्हर बंद केला, त्याला बोल लावत नाही. नवीन खात्यावर फॉलोअर आले पण पोस्टी काही येत नाहीत, एक्स्पोर्टची झिप तेवढी पेनड्राईव्हमधे पडून आहे. आजी आता फारसं बोलत नाही, म्हणून ते शब्द परत कुणाच्या भरवशावर ठेवायचे नाहीत. घरी मिनी पीसी आहे, ८ जीबी रॅम, एसएसडी, फायबरचं कनेक्शन. पण इकडं वादळ आलं की लाईट रातभर येत नाही. दोन दिवस झाले डॉकरवर (प्रोग्राम डब्यात घालून चालवायची सोय) बसवायलोय, घरच्या वायफायवर साईट उघडते, मोबाईल डेटावर उघडतच नाही. बाहेरून येणारं मिनी पीसीकडं वळवायला राऊटरमधे पोर्ट फॉरवर्ड केलंय. काय चुकतंय?

परभणी_लिनक्स
तुमचं काही चुकलं नाही, हे सीजीनॅट दिसतंय. राऊटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीनं राऊटरला दिलेला इंटरनेटचा पत्ता) बघा, १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तो तुमच्या एकट्याचा नाही, एका आयपीमागं कैक गिऱ्हाईकं बसवलेली असतात, मग पोर्ट कितीबी उघडा बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही. एकतर स्टॅटिक, म्हणजे तुमचा एकट्याचा न बदलणारा आयपी मागा, नाहीतर सगळ्यात स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा बाहेरचा सर्व्हर) घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा टाका. माझं तसंच चालू आहे, डेटा घरात, दार तेवढं बाहेर. नुसत्या आयपीव्ही६ वर (नव्या पद्धतीचा पत्ता) जाऊ नका, समोरचे काही सर्व्हर अजून जुन्या आयपीव्ही४ वरच आहेत, त्यांच्याशी बोलणंच होणार नाही.

गोदाकाठची
दादा, लाईटचं मी सांगते, नांदेडला दोन उन्हाळे काढलेत यात. आमच्याकडं इन्व्हर्टर होता तरी मशीन बंद पडायचं आणि कळायचंच नाही. लाईट गेली की इन्व्हर्टरवर जायला क्षणभर लागतो, तेवढ्यात पंखा फिरतच राहतो म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही, आणि कपाटावर मिनी पीसीचा निळा दिवा गेलेला. बऱ्याच इन्व्हर्टरला मागं यूपीएस मोडचं बटन असतं, ते चालू करा, बायोसमधे लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग लावा, आणि राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. रातभर बंद राहिला तर घाबरू नका. तुम्हाला आलेली पोस्ट लगेच हरवत नाही, समोरचा मास्टोडॉन साधारण दोन दिवस परत परत पाठवून बघतो. सात दिवस सलग पोचलंच नाही तर मग तो तुमचा सर्व्हर मेला असं धरतो.

जुना_सिसॅडमिन
एकट्यासाठी मास्टोडॉन कशाला दादा? पोस्टग्रेस, रेडिस, साईडकिक, एवढा सगळा पसारा रोज सांभाळायचा. गोटूसोशल बघा, मास्टोडॉनशी बोलणारंच पण हलकं सॉफ्टवेअर, गो भाषेत लिहिलेलं आहे, एसक्यूलाईटवर (एका फाईलीतला डेटाबेस) चालतं, ३०० एमबी रॅमच्या आसपास भागतं. त्याला टाईमलाईनचं स्वतःचं वेबपान नाही पण फोनवर टस्की ॲप चालतं. दुसऱ्यांचे फोटो ७ दिवसांनी आपोआप साफ करतं म्हणून डिस्क भरत नाही.

आणि डोमेनचं आधी पक्कं करा, कारण एकदा सर्व्हर बाहेरच्यांशी बोलायला लागला की नाव बदलता येत नाही. त्याच डोमेनवर आज मास्टोडॉन उद्या गोटूसोशल असं तर अजिबात करू नका, खात्याच्या चाव्या (पोस्ट तुमचीच आहे हे पटवणाऱ्या) बदलतात आणि बाकीच्या सर्व्हरांना जुन्याच आठवतात, मग ते तुमच्या पोस्टी नाकारतात. खेळून बघायचं ते वेगळ्या सबडोमेनवर. बॅकअप रोज घ्या, पण त्याच एसएसडीवर ठेवला तर तो बॅकअप नाही. एक प्रत पाहुण्याच्या घरी ठेवा, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

त्या झिपबद्दल. गोटूसोशलमधे एपीआयमधून (प्रोग्रामनं सर्व्हरशी थेट बोलायची वाट) जुनी तारीख घालून पोस्ट टाकता येते. आजीचे शब्द ज्या दिवशी लिहिले त्याच तारखेला बसवता येतील.

उदगीरवाला
वॅन आयपी १००.७२ निघाला. सीजीनॅटच. आज व्हीपीएस घेतला, वायरगार्ड लागलं, चाचणीच्या सबडोमेनवर गोटूसोशल बसवलं आणि मोबाईल डेटावरून उघडलं. सिसॅडमिन काका, ते जुन्या तारखेचं मला माहीतच नव्हतं, झिप उघडून पहिला शब्द टाकून बघितला, तारीख बरोबर बसली. उद्या खरं डोमेन घेतो. फोटो एकेक करून चढवावे लागतील का स्क्रिप्टनं होतंय? ६०० च्या वर आहेत.

जुना_सिसॅडमिन
स्क्रिप्टनं होतंय. आधी फोटो चढवायचा, त्याचा आयडी घ्यायचा, मग पोस्ट. झिपमधली आउटबॉक्स फाईल (तुमच्या सगळ्या पोस्टी असलेली) उघडून ठेवा, रात्री नऊनंतर बसू.