डेस्कटॉप बूट होत नाही, पण बायोसमध्ये हार्ड डिस्क दिसते

कोपरखैरणेकर:
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप गणपतीत आठ दिवस बंद होता, भिंतीवरचा स्विचही बंद. आता चालू केला की काळ्या स्क्रीनवर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढंच येतं. १ टीबीची साटा हार्ड डिस्क, विंडोज १०, मशीन सहा वर्षांचं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) डिस्कचं नाव येतं, पण बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर नाही. स्विच बंद करून परत चालू केला की तारीख १ जानेवारी २०१५ होते. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. आत मुलीच्या दहावीच्या नोट्स आणि घरचे सगळे फोटो आहेत, बॅकअप नाही. दुसरा काही मार्ग आहे का?

नौपाडा_हार्डवेअर:
फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका. तारीख मागे जातेय, म्हणजे आधी मदरबोर्डवरचा सेल. सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मीटरवर २.८ च्या खाली असेल तर सरळ बदला. प्लग चालू असतो तोवर एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून) बोर्डाला ५ व्होल्ट स्टँडबाय मिळत राहतात, सेलवर भार येत नाही. भिंतीवरचा स्विच बंद केला की घड्याळ त्या सेलवरच चालतं. सेल उतरला की बऱ्याच बोर्डांवर बायोसची सेटिंग मूळपदावर जाते, आणि काही बोर्डांत मूळ सेटिंग लेगसी बूटची, म्हणजे सुरू व्हायच्या जुन्या पद्धतीची असते. तुमचं विंडोज बहुधा यूईएफआय या नव्या पद्धतीत, जीपीटी मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं आहे. लेगसीला लागणारा बूट कोड तिथे नसतो, म्हणून डिस्क दिसते पण बूट होत नाही.

प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग क्लिप हलकेच बाजूला सारा, सेल आपणच वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. नंतर बायोसमध्ये तारीख लावा, बूट मोड यूईएफआय करा आणि साटा मोड (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते) एएचसीआय आहे का ते बघा. साटा मोड बदललेला राहिला तर लोगोनंतर निळ्या स्क्रीनवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. तेव्हाही डिस्क गेली असं समजू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की मागेल. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, आधीच काढून ठेवा.

ऐरोली_खाडीकाठ:
वरचं बरोबर आहे. कॅबिनेट उघडलंच आहे तर साटा केबलही दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. आपल्याकडे खाडीची खारट हवा, त्यात पावसाळा. पिनांवर काळपट थर धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. डेटा केबल दुसरी लावून बघायला हरकत नाही. पण मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची पॉवर केबल चुकूनही लावू नका. टोक तंतोतंत बसतं, पिनांची मांडणी मात्र वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्कचा सर्किट बोर्ड जागीच जळतो.

कोपरखैरणेकर:
सेल २.३ व्होल्ट दाखवत होता, बदलला. तारीख टिकते. यूईएफआय केल्यावर विंडोज बूट मॅनेजर दिसला आणि विंडोज सुरू झालं! पण डेस्कटॉप यायला दहा मिनिटं लागतात. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं ‘कॉशन’ दाखवतंय: ०५ (बदली दिलेले खराब सेक्टर) शून्य, सी५ समोर १६, सी७ समोर ४१. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवू का?

नौपाडा_हार्डवेअर:
नको, आत्ता तर नकोच. सी५ म्हणजे वाचताना अडलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर, डिस्कवरचे छोटे कप्पे. चेकडिस्क /r लावून चालवलं की सगळी डिस्क घासून वाचायला लावतं, वर फाइलींची मांडणी बदलतं. डिस्क मरायला टेकली असेल तर त्यातच संपते, आणि जे वाचलं असतं तेही जातं. आधी बाहेरच्या डिस्कवर नोट्स आणि फोटो काढा, त्यातही सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर पहिला. कॉपी एखाद्या फाइलवर अडकली तर ती सोडून पुढे जा. टकटक आवाज आला तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

ऐरोली_खाडीकाठ:
सी७ म्हणजे बोर्ड आणि डिस्क यांच्यात डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा, बहुतेक वेळा केबलचा दोष असतो. तो आकडा केबल बदलूनही कमी होत नाही. ४१ च्या पुढे सरकतो का तेवढं बघा. डेटा निघाल्यावर पूर्ण डिस्क उचलायची असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्राम) वापरा, नवी डिस्क निदान तेवढ्याच आकाराची हवी. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) तिसऱ्याच ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी राहिलं तिथून पुढे सुरू करता येतं. आणि कमांड देताना कुठली डिस्क जुनी, कुठली नवी हे सिरियल नंबरवरून दोनदा ताडून घ्या. उलट झालं तर रिकाम्या डिस्कची नक्कल तुमच्या फोटोंवर बसेल.