अनुभव धागा : विधवा पेन्शन की दिव्यांग पेन्शन? सोलापूरकरांनो, लिहा

घरातला कमावता माणूस गेला आणि मागे राहिलेली बायको, नवरा किंवा पोर स्वतः दिव्यांग असेल, तर कुठले पैसे एकत्र मिळतात आणि कुठले एकमेकांना खातात? ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

माझ्या नणंदेचा डावा पाय पोलिओने अधू. नवरा गेल्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला, तेव्हा अर्ज लिहिणाऱ्याने मृत्यूचा दाखला बघून ‘विधवा’ लिहिलं आणि मोकळा झाला. पाय बघितलाच नाही. या योजनेत एका माणसाला एकच अनुदान. विधवा म्हणून एक आणि दिव्यांग म्हणून दुसरं, असं होत नाही. पण नाव कुठल्या गटात आहे त्याने फार फरक पडतो. जुलै २०२३ पासून दोघांनाही महिना १५०० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे २५०० झाले, विधवांचे १५०० तसेच राहिले. उत्पन्नाची मर्यादाही वेगळी: एरवी वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांना ५०,०००. अपंगत्व किमान ४० टक्के लागतं. सिव्हिलला तपासून दाखला घेतला, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आलं, मग तहसीलला गट बदलून मागितला. आता २५०० जमा होतात.

कुंभारी, विडी कामगार
ताई, आमचं गाडं त्या २१,००० वरच अडलं होतं बघा. आमचे मालक गिरणीत होते, पीएफ कापला जायचा. ते गेल्यावर मला पीएफची विधवा पेन्शन लागली, महिन्याला दोन हजाराच्या आसपास. म्हणजे वर्षाचे चोवीस हजार. निराधारच्या अर्जाला तलाठ्याने पासबुक मागितलं, पेन्शनच्या ओळींवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि म्हणाले, मावशी, बसत नाही. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, हे पोरीने सांगितलं म्हणून विषय निघाला. तपासणीत चाळीसच्या वर आलं. विडीची मजुरी धरूनसुद्धा पन्नास हजाराच्या आत बसले. पीएफवाल्यांनी काही कापलं नाही. ती मालकांच्या कामाची पेन्शन, माझ्या कानाशी तिचा संबंध नाही. माझाही विडीचा पीएफ आहे. अठ्ठावन्नला माझी पेन्शन सुरू होईल, मालकांची बंद होणार नाही, असं युनियनवाले सांगतात.

(हे बरोबर आहे. स्वतःची आणि विधवेची, ईपीएस-९५ च्या (म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेच्या) दोन्ही चालतात. फक्त दोन्ही मिळून उत्पन्न पन्नास हजाराच्या वर गेलं तर निराधार बंद होईल, ते ध्यानात ठेवा. – धागाकर्ती)

अक्कलकोट रोड
माझ्या भावाची बोटं मागात गेली होती. ईएसआयकडून (कामगार विमा) कायम अपंगत्वाचा मासिक लाभ मिळायचा. तो हार्ट अटॅकने गेला आणि दुसऱ्या महिन्यापासून ते पैसे थांबले. वहिनीला वाटलं, आता आपल्या नावावर होतील. तसं होत नाही. त्याच इजेमुळे किंवा कामामुळे झालेल्या आजाराने मृत्यू झाला असता, तर आश्रितांचा लाभ मिळाला असता, विधवेला पूर्ण दराच्या तीन पंचमांश. पीएफची विधवा पेन्शन मात्र मिळाली. आमच्याकडे पीएफ नावाला तरी होता. यंत्रमागावर किती जणांचा असतो, ते सोलापुरात कोणाला सांगायला नको.

जुळे सोलापूर
पुरुषांनीही वाचा. माझी बायको युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात होती, पीएफ होता. मी दिव्यांग. विधवा पेन्शन बायकांसाठीच असते, असं मला चांगल्या शिकलेल्या माणसाने सांगितलं होतं. नवऱ्यालाही तशीच मिळते! किमान रक्कम हजार रुपये, २०१४ पासून तीच. हजारात काय येतं विचारू नका. दिव्यांग अनुदान शाबूत राहिलं.

रेल्वे लाइन्स
वडील रेल्वेत. आधी ते गेले, मग आई. धाकटी बहीण बौद्धिक दिव्यांग, वय चाळीसच्या पुढे. फॅमिली पेन्शन तिच्या नावावर आयुष्यभरासाठी झाली. अशा मुलांना वयाची अट नाही. ती किमान ९००० आणि वर महागाई, त्यामुळे तिचं निराधारचं अनुदान बंद केलं. ते मी स्वतः जाऊन बंद करून घेतलं, नाहीतर पुढे वसुली लागते. वेळ गेला तो पालकत्वात. आईने हयात असताना कोणाचं नाव दिलं नव्हतं. शेवटी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक समितीकडून राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक म्हणून माझी नेमणूक झाली. आई-वडील आहेत तोवर हे नाव देऊन ठेवा की ओ.

बार्शी
दिव्यांगचे २५०० घेऊन लाडकी बहीण पण चालेल का?

(नाही. दुसऱ्या योजनेतून महिना १५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण बसत नाही. पीएफच्या विधवा पेन्शनबद्दल कोणाचा अनुभव असेल तर लिहा. – धागाकर्ती)

नाव नको
मी दुसरं लग्न केलं. पीएफची विधवा पेन्शन थांबली, पण पोरांना अनाथ पेन्शन सुरू झाली, प्रत्येकी माझ्या पेन्शनच्या पाऊणपट. थोरला जन्मतः अंध आहे. कायम पूर्ण अपंगत्व मान्य झालं तर वयाच्या पंचविशीनंतरही त्याची चालू राहते, त्याचे कागद आत्ता लावलेत. सासरची माणसं म्हणत होती, पेन्शन जाईल, लग्न करू नको. माझी गेली. पोरांची आली.