ड्रायव्हरच्या तोंडावर कॅमेरा: सेफ्टी का नुसती पाळत?

खानापूरचा_चाकवाला
काल ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर एका मालकानं टाकलंय, "सगळ्या गाड्यांत आत-बाहेर कॅमेरे बसवले, डुलकी लागली की मशीन बोंबलतंय, ज्याला चालत नाही त्यानं घरी बसावं." खाली नुसती अंगठ्यांची रांग. म्हणून लिहालोय, लांबेल, वाचायचं तर वाचा.

रस्त्याकडं बघणाऱ्या कॅमेऱ्याला माझी ना नाही. पण तोंडावर रोखलेला कॅमेरा आणि त्यावरनं पडणारे मार्क, हे डोक्यात बसत नाही. मी चोर्ला घाटातनं गोव्यात वेर्ण्याला माल नेतो. वळणावर समोरनं बस आली की ब्रेक दाबावाच लागतोय. कॅमेऱ्याच्या डबीतला सेन्सर झटका तेवढा मोजतोय, घाट त्याला काय कळणार, मारली लाल खूण. वर घाटात रेंज नाही, जांबोटीला रेंज आली की सगळं एकदम वर चढतंय आणि लगेच ऑफिसचा फोन. माझा दोस्त पुणे-बंगळूर हायवेला, तो कायम हिरव्यात, बोनस त्याला. गॉगल घातला तर डोळे मिटले म्हणतंय, आरशात बघितलं तर लक्ष नाही म्हणतंय!

आणि डुलकी का लागते ते विचारा की. कास्टिंग भरायला दुपारपासनं फाउंड्रीच्या दारात उभं करायचं, रात्री सोडायचं आणि सकाळी पोच पाहिजे म्हणायचं. २०२५ पर्यंत चाललेला १९६१ चा मोटार कामगार कायदा दिवसाला आठ तास म्हणायचा, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती म्हणायचा. त्यावर कॅमेरा कोण लावणार?

हप्तेवाला_मालक
ती पोस्ट माझी नव्हं, पण मालक मीही हाय, गाड्या सगळ्या बँकेच्या. तवंदी घाटात माझ्या गाडीच्या डावीकडनं कार घुसली आणि घासली, लोकांनी ड्रायव्हरलाच खाली ओढला, मोठी गाडी म्हणजे चूक त्याचीच. पोलिसांना कॅमेऱ्याचं कार्ड दाखवलं तेव्हा पोरगा सुटला. जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या कलमावरनं स्टेअरिंग सोडून बसला होता न्हवं तुम्ही? मग साक्षीला कोण येणार, चहाच्या टपरीवाला?

खानापूरचा_चाकवाला
तो बाहेरचा कॅमेरा, शेठ. त्याला ना नाही म्हणून वरच लिहिलंय. वाचून बोला.

संकेश्वरची_लेक
दादा, माझे पप्पा हत्तरगीच्या पुढं पहाटे डिव्हायडरवर चढले. जीव वाचला, पाय गेला. ती डबी ओरडली असती तर निदान जागे तरी झाले असते. तुमचा बोनस तुम्हाला लखलाभ.

तवंदी_उतार
ताई, वाईट झालं. पण आमच्या भागात पहाटेचे बरेच अपघात झोपेनं नाहीत, बिनलाइटच्या उसाच्या ट्रॉलीनं होतात! एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, वर साउंड बॉक्स, हॉर्न मारून घसा बसला तरी बाजूला होत नाही. त्यांना कुठला कॅमेरा लावताय सांगा.

चिकोडीचा_ऊसवाला
झालं, आला शेतकऱ्यावर. रिफ्लेक्टर आम्ही लावतो. ऊस मागं लोंबतो, पाचटानं झाकून जातंय, त्याला आम्ही काय करणार? साखर कारखान्याच्या यार्डात रात्रभर नंबर लागत नाही, आम्हाला झोप नसते काय? गाणी लावतो ते जागं राहायलाच.

तवंदी_उतार
म्हणजे तू जागा राहायचास आणि मागच्यानं मरायचं. वा रे वा.

चिकोडीचा_ऊसवाला
तोंड सांभाळून बोल. तुमचे ट्रकवाले हाय बीम मारून आम्हाला आंधळं करतात ते?

डबीवाला_इंजिनिअर
मी असले कॅमेरे बसवतो. घाटाचा पट्टा जीपीएसवर आखून तिथं ब्रेकची मर्यादा वेगळी ठेवता येते. आतला कॅमेरा दिवसभर ऑफिसात दिसत नाही, आमच्या सेटिंगमध्ये घटनेच्या आगेमागे काही सेकंदांचीच क्लिप जाते. नव्या बस-टॅक्सींना ट्रॅकर तर २०१९ पासनं सक्तीचाच हाय.

खानापूरचा_चाकवाला
येते म्हणे! किती मालकांनी आखून घेतला?

डबीवाला_इंजिनिअर
...फार नाही. डबी आली तशीच चालू करतात. मार्क एका रूटच्या गाड्यांचे आपापसात लावावेत हे मी मीटिंगमध्ये सांगतो, पण मालकाला एकच यादी पाहिजे असते, वरनं खाली.

हप्तेवाला_मालक
बरं बाबा, घाटाचं सेटिंग करून घेतो, ड्रायव्हर साहेबांचा मान राखायला पाहिजे. पण लोडिंगला कारखानदार थांबवतो, त्याचं पाप माझ्या माथी का? मी बोललो तर पुढची ट्रिप दुसऱ्याला.

खानापूरचा_चाकवाला
मग थांबलेले तास पण त्याच डबीत असतात की! चाक कधी थांबलं, कधी हललं, सगळं. ते काढून कारखानदाराला दाखवा. आमची जांभई तेवढी दाखवताय.

हप्तेवाला_मालक
हे मात्र बघायला पाहिजे.

संकेश्वरची_लेक
आता मशीननं मराठीत ओरडायचं का कन्नडात, यावर सुरू करू नका म्हणजे झालं.

चिकोडीचा_ऊसवाला
तवंदी, तू सोमवारी फडावर ये, पाचट कसं आवरायचं ते दाखव, चहा मी पाजतो.

तवंदी_उतार
चहा नको, टेल लाइट लाव.